बिघडलेला कागदही आणा

एकमेकांची चित्रे पाहण्यासाठी जमायचे आणि एकमेकांना काहीही न सांगता घरी परतायचे, असा एक विचित्र शिष्टाचार आपल्या हौशी जलरंग मंडळांत रूढ झाला आहे. इंदूरच्या आमच्या मंडळापुरते तर हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. बडोदे-ग्वाल्हेरकडील स्नेही भेटले की त्यांच्याही बोलण्यात तेच येते. महिन्यातून एकदा सभासद जमतात, चित्र टेबलावर येते, ‘वा, छान!’ होते, ‘आकाश फार सुंदर उतरले आहे’ अशी पुस्ती जोडली जाते आणि पोहे येतात. पोह्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ‘छान’विषयी.

जलरंग हे माध्यम मुळातच क्षमाशील नव्हे. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून त्यावर नवा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद स्वतः. तो एकदा झाकला गेला की गेला. प्रशियन निळा कागदाच्या तंतूंत मुरला की ओल्या ब्रशने कितीही उचला, त्याची झाक मागे राहतेच. वॉश अर्धवट वाळलेला असताना पाणी जास्त घेतलेला ब्रश टेकला की फुलकोबीसारखा डाग पसरतो आणि ओला असताना गडद वाटलेला रंग वाळल्यावर फिका पडतो. अशा माध्यमात काम करणाऱ्याच्या घरी एका जमलेल्या चित्रामागे चार-पाच बिघडलेली असणार, हे उघड आहे. मग ती चार-पाच कोठे जातात? रद्दीत, किंवा नातवंडांच्या चित्रकलेला पाठकोरी म्हणून. मंडळात येते ते एकच, बहुधा काचेखाली, चौकटीत बसवलेले. ते पाहून आम्ही काय शिकावे? त्यात कौशल्य किती आणि योगायोग किती, हे तर ते काढणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आमच्यातील एक वयोवृद्ध सभासद आकाशाचा वॉश देत, आणि त्यात गडद ठिपके उमटत. वय झाले, हात कापू लागला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती. ठिपके आम्हां सर्वांना दिसत होते. परंतु म्हाताऱ्या माणसाला काय बोलावे, म्हणून सारे ‘छान’ म्हणत राहिले. दोष हाताचा नव्हताच. चांगल्या कागदाला कारखान्यात जिलेटिनचा सरस लावलेला असतो; त्यामुळे रंग वर राहतो, लगेच शोषला जात नाही. दोन-तीन पावसाळे दमट कपाटात काढले की तो सरस जागोजागी मरतो आणि तेथे कागद टीपकागदासारखा रंग पितो. ही गोष्ट मंडळातील निदान तिघांना माहीत होती. पहिल्याच बैठकीत एकाने तोंड उघडले असते, तर त्या गृहस्थांनी नवा कागद आणला असता. ते त्यांना कळले तोवर त्यांनी आकाश रंगवणेच सोडून दिले होते. याला सौजन्य म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. आम्ही याला कुचराई म्हणतो.

यावर ठरलेले उत्तर असे की, ‘ही हौस आहे, परीक्षा नव्हे. निवृत्त माणसे विरंगुळा म्हणून रंगवतात, त्यांचे मन कशाला मोडावे?’ नुकताच ब्रश हाती धरलेल्या माणसाला सांभाळून घ्यावे, हे आम्हांसही मान्य आहे. पण दहा-दहा वर्षे रंगवणाऱ्याला आपण नवशिका समजूनच वागवत आहोत, यात त्याचा मान कोणता? संगीताच्या बैठकीत तबला उतरलेला असला तर आपल्याला बसवत नाही. भजनी मंडळातही ताल चुकला की बुवा थांबवतात. चित्रापाशी आल्यावरच आपली जीभ का टाळ्याला चिकटते?

खरे कारण आम्हांस वेगळे दिसते. आपण या गावांत थोडे आहोत. पाच-सहा पिढ्या एकाच वस्तीत गेल्या, सोयरिकी जुळल्या, गणेशोत्सवाच्या समितीवर तीच नावे फिरत राहिली. ज्यांच्या घरी उद्या हळदीकुंकवाला जायचे, त्यांनी काढलेल्या कृष्णपुऱ्याच्या छत्रीचा कळस एकीकडे कलला आहे, हे आज कोणी आणि कसे सांगावे? थोडे आहोत म्हणून एकमेकांना जपतो, इथवर ठीक. परंतु त्या जपण्यातून आता कोणाचेच काम पुढे सरकत नाही. वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक सभासदाची दोन चित्रे लागतात, निवड नाही, नकार नाही. महेश्वरचा घाट सात-आठ चौकटींत त्याच बाजूने दिसतो. सावलीत नुसता काळा कालवल्याने ती मेली आहे, किंवा उन्हात उडणारे अलिझरिन क्रिमसन वापरलेले चित्र खिडकीसमोर टांगणे बरे नव्हे, एवढेही कोणी कोणाला सांगत नाही.

देवळालीकरांनी १९२७ साली याच गावात चित्रशाळा सुरू केली, तेव्हा गाव आजच्याहून लहानच होते आणि तेव्हाही सारे एकमेकांना ओळखत होते. त्या शाळेतून बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर घडले. बेंद्रे पुढे १९५० पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत शिकवू लागले आणि तेथे एक पिढी उभी राहिली. ही नावे आपण प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात घेतो. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळलेल्या काटक्या, पाने, मोडक्या-तुटक्या वस्तू यांतून आकृती शोधल्या. आणि त्यांच्याच गावात राहून आम्ही आमचा बिघडलेला कागद शेजारच्याला दाखवायला लाजतो!

याचा सर्वांत मोठा तोटा तरुणांच्या बाबतीत होतो. कला महाविद्यालयातील मुले-मुली अधूनमधून आमच्याकडे डोकावतात. त्यांना रोज वर्गात चित्र भिंतीला लावून त्यावर बोलणे ऐकायची सवय असते. येथे येऊन दोन-तीन ‘छान’ ऐकले की ती येईनाशी होतात. मग आपण हळहळतो की नव्या पिढीला मराठी मंडळांची ओढ राहिली नाही, ती आपसांत हिंदीतच बोलते, वगैरे. भाषेचा प्रश्न आहेच. परंतु जेथे खरे बोलणेच होत नाही, तेथे ते मराठीत झाले नाही म्हणून रडण्यात काय हशील?

आम्ही मंडळापुढे एक सूचना ठेवली आहे. प्रत्येकाने एक जमलेले चित्र आणावे आणि त्याच विषयावर बिघडलेले निदान एक. काच-चौकट नको, कागद हातात घेऊन उजेडाला धरता आला पाहिजे. मागच्या बाजूला कागदाचे व रंगांचे नाव लिहिलेले असावे. बोलताना वयाने सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलावे आणि ज्येष्ठांनी शेवटी. कारण ज्येष्ठांनी एकदा मत दिले की आपल्याकडे बाकीचे माना डोलावण्यापलीकडे काही करत नाहीत. ही सूचना ऐकताच एका ज्येष्ठ सदस्यांनी आपण यापुढे येणार नाही असे सांगितले. त्यांनी अवश्य यावे. पावसाळ्यातील मांडूच्या त्यांच्या चित्रांत एक ओला, करडा हिरवा असतो. तो ते कोणत्या रंगांतून आणि किती बिघडलेल्या कागदांनंतर मिळवतात, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणीही त्यांना विचारलेले नाही.