होडीची मोरी

घरातील मोरी तुंबली, तर न्हाणीघरात घोटाभर पाणी साचते आणि सकाळच्या घाईत सगळ्यांची चिडचिड होते. तेवढ्यावर निभावते. भर समुद्रात मात्र तुंबलेली मोरी जिवावर बेतू शकते.

शिडाच्या छोट्या नौकेत मागच्या बाजूला एक उघडा हौद असतो. त्याला ‘कॉकपिट’ म्हणतात. सुकाणू धरणारा आणि त्याचे सोबती इथेच बसतात. समजा, हा हौद २ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ५० सेंटिमीटर खोल आहे. एका मोठ्या लाटेने तो काठोकाठ भरला, तर आत ६०० लिटर पाणी झाले. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड. म्हणजे वजन ६०० किलोंहून अधिक. जणू नऊ माणसे एकाएकी येऊन बसली! नौका मागून दबते आणि पुढची लाट आणखी सहज आत शिरते.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंड व आयर्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत वादळ झाले आणि १५ स्पर्धकांचा बळी गेला. कॉकपिटमधून केबिनमध्ये जाणाऱ्या दाराच्या फळ्या निसटून काही नौकांत पाणी शिरले होते, असे पुढे चौकशीत दिसून आले.

म्हणूनच हौदाचा तळ समुद्राच्या पातळीपेक्षा उंच ठेवतात. मग पंप लागत नाही. पाणी आपल्याच वजनाने नळ्यांतून बाहेर पडते.

पण वारा भरला, की नौका एका अंगाला कलते. त्या बाजूचे भोक पाण्याखाली जाते. तिथून समुद्रच आत आला तर? यावर एक साधी युक्ती आहे. पुष्कळ नौकांत दोन नळ्या कात्रीसारख्या ओलांडून नेतात. डावीकडची नळी उजवीकडे बाहेर पडते, उजवीकडची डावीकडे. त्यामुळे बुडालेल्या भोकाचे आतले तोंड उचललेल्या बाजूला राहते आणि पाणी तिथपर्यंत चढत नाही.

नळी रुंद हवी. २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर व्यासाची घेतली, तर तोंड दुप्पट नव्हे, चौपट मोठे होते. नळी फाटली तर समुद्र आत येऊ नये, म्हणून बाहेरच्या भोकापाशी बंद करता येणारा कॉकही हवा.

एवढे करूनही एखादे पान किंवा दोरीचा तुकडा सारे फुकट घालवू शकतो. म्हणून धक्का सोडण्यापूर्वी कॉकपिटमध्ये बादलीभर पाणी ओतावे आणि ते झरझर जाते का, हे पाहावे. या परीक्षेला दोन मिनिटेही लागत नाहीत.