सायकल मिळाली, शर्यतीचं काय?

रायपूरच्या पुरानी बस्तीत सायकल जोरात चालवायला जागाच नाही. महामाया मंदिराच्या आसपासच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. नवरात्रात मंदिरात ज्योती पेटल्या की तिथून पायी जाणंही कठीण. दुधाधारी मठाकडचा रस्ता असो की बूढा तालाबाच्या काठचा, दिवस वर आला की सायकलवाल्याच्या हाती फक्त घंटी वाजवणं उरतं. जवळच्या तात्यापारा, बूढापारा या भागांत जुनी मराठी कुटुंबं आहेत. भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. वामनराव लाखे यांच्या नावाचं लाखेनगर तर हाकेच्या अंतरावर. या घरांत आजी मराठी बोलते, बाबा दुकानात हिंदी बोलतात आणि मुलं दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरतात.

अशा घरातली पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. शाळेला ती सायकलनेच जाते, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. छत्तीसगढ सरकारच्या सरस्वती सायकल योजनेतून सरकारी शाळांतल्या नववीच्या हजारो मुलींना सायकली मिळाल्या आणि मुलीने सायकल चालवणं ही नवलाईची गोष्ट राहिली नाही. बिहारनेही 2006 साली अशीच योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. शाळा गावापासून लांब असली तरी मुलगी जाऊ लागली, कारण चार मैत्रिणी मिळून सायकलवरून जाणं आईवडिलांना सुरक्षित वाटलं.

थोडक्यात, मुलगी सायकलवरून शाळेत गेली तर चालतं. दळण आणलं, धाकट्या भावाला शिकवणीला सोडलं, तर कौतुकच होतं. प्रश्न उभा राहतो तो तिने त्याच सायकलवरून पुढे जायचं म्हटलं की. म्हणजे कुणाच्या तरी पुढे!

शाळांच्या संमेलनांत आणि महिला मंडळांच्या हळदीकुंकवाला सायकलची एक स्पर्धा हटकून असते. तिचं नाव ‘स्लो सायकलिंग’. पाय न टेकता जी सगळ्यांत शेवटी पोहोचेल ती जिंकली. तोल सांभाळण्याचं कसब त्यात आहे, हे मान्य. पण मुलांसाठी जोरात पळण्याची शर्यत आणि मुलींसाठी मागे राहण्याची, ही वाटणी कुणाला सुचली असेल? आणि इतकी वर्षं ती कुणाला खटकली कशी नाही?

गावातली खरी शर्यत वेगळी असते. ती बहुतेक 15 ऑगस्टला, 26 जानेवारीला नाहीतर एखाद्या मंडळाच्या उत्सवात होते. रस्ता दोन तास अडवतात, चुन्याची रेघ मारतात, छातीवर टाचणीने कापडी नंबर लावतात. मुलांच्या गटात वयाप्रमाणे दोन-तीन भाग असतात. मुलींचा मात्र अनेकदा एकच गट: बारा वर्षांचीही त्यात आणि वीस वर्षांचीही. अंतर कमी, बक्षीसही कमी. आपली ही मुलगी तिथे शाळेचीच सायकल घेऊन उभी राहते. पुढे टोपली, मागे कॅरिअर, चेनवर पत्र्याचं झाकण, वजन अठरा-वीस किलो. शेजारच्या मुलीकडे गिअरची, वाकड्या हँडलची, तिच्या निम्म्या वजनाची सायकल. (मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत तर सायकलचं वजन 6.8 किलोपेक्षा कमी असू नये, असा नियमच करावा लागला आहे.)

पहिल्या शर्यतीत प्रत्येक नवखी मुलगी एकच चूक करते. शिट्टी वाजली की जीव खाऊन पायडल मारते, पहिले दोन किलोमीटर सगळ्यांच्या पुढे राहते आणि मग एकामागून एक मुली तिला मागे टाकत जातात. घरी येऊन ती रडते. आई म्हणते, “अगं, तुझी सायकलच जड, तू तरी काय करणार!” सायकल जड होती हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. पुढचीच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवलं तर तिच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि बरीच शक्ती वाचते. म्हणून जाणत्या मुली आळीपाळीने पुढे येतात आणि शेवटच्या दोन-तीनशे मीटरसाठी दम राखून ठेवतात. ही अक्कल शर्यतीत उतरल्यावरच येते. पण आडोशाला चालवायचं तर पुढचीवर विश्वास हवा आणि हात ब्रेकवर तयार हवा. एकीचं चाक दुसरीच्या चाकाला घासलं की दोघी रस्त्यावर.

म्हणून हेल्मेटशिवाय सराव नको. याबाबतीत आईने कडकच राहावं.

यापुढची गोष्ट पहाटेची. सराव करायचा तर रस्ता रिकामा हवा, म्हणजे साडेचारला उठणं आलं. उन्हाळ्यात रायपूरचा पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. सकाळी सातनंतर डांबर तापू लागतं. मोकळा रस्ता म्हणाल तर तो नवा रायपूरकडे. तिथले रस्ते रुंद आणि सपाट, सायकलींसाठी वेगळी वाटही आहे. पण पुरानी बस्तीतून तिथे पोहोचेपर्यंत अंधारच असतो. मुलगा असता तर चहा पिऊन निघाला असता. मुलीच्या बाबतीत घरात बैठक बसते. सोबत कोण जाणार? बाबा स्कूटर घेऊन मागून जातील, पण रोज? भाऊ आठवड्यातून दोनदा जाईल, तेही कुरकुरत. आणि घरात कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांच्या मनात असतो तो घट्ट, गुडघ्यापर्यंतचा शर्यतीचा पोशाख. “वरून ओढणी घे आणि कोपऱ्यावर काढ,” असं सुचवणाऱ्या आजीची बुद्धी व्यवहारी म्हणावी लागेल, पण ओढणी चाकात अडकते.

या पोशाखावरून झालेला गहजब काही आजचा नाही. 10 सप्टेंबर 1893 रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरातली सोळा वर्षांची टेसी रेनॉल्ड्स पहाटे पाचला सायकलवर बसली, लंडनला गेली आणि परत आली. सुमारे 190 किलोमीटरचं हे अंतर तिने 8 तास 38 मिनिटांत कापलं. त्या काळच्या बायका घोळदार झगे घालून सायकल चालवत. टेसीने गुडघ्यापर्यंतची विजार आणि लांब कोट घातला होता आणि सायकल पुरुषांची घेतली होती. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. ती किती वेगाने गेली यापेक्षा तिने काय घातलं होतं यावरच जास्त शाई खर्च झाली. शेवटी डॉक्टरांकडून तिची तपासणी झाली आणि तिला काहीही अपाय झालेला नाही, असा निर्वाळा मिळाला. तिच्या पाठीशी तिचे वडील होते, ते स्वतः सायकलवाले. तरीही ऑलिंपिकमध्ये बायकांची रस्त्यावरची सायकल शर्यत सुरू व्हायला 1984 साल उजाडलं. पुरुषांची 1896 पासून होती!

डॉक्टरांच्या तपासणीची गोष्ट निघालीच आहे तर थोडं स्पष्ट बोलणं बरं. सायकलच्या सीटवर तासन्‌तास बसल्याने मुलीच्या ‘नाजूक भागाला’ इजा होते, पुढे मूल व्हायला अडचण येते, लग्नात प्रश्न येतो, अशा गोष्टी अजूनही स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलल्या जातात. मूल होण्याशी सायकलचा असा काही संबंध नाही. योनिपटल कोणत्याही खेळाने, धावण्याने, कधी काहीही न करता ताणलं किंवा फाटलं जाऊ शकतं. काहींचं जन्मापासूनच अगदी नाममात्र असतं. त्यावरून मुलीच्या वागणुकीबद्दल काहीही ठरत नाही, हे वैद्यकशास्त्र कधीचं सांगत आलं आहे. त्रास होतो तो चुकीच्या उंचीच्या सीटमुळे आणि ओल्या कपड्यांमुळे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर हवी. सरावाहून आल्यावर कपडे लगेच बदलावेत. पाळीच्या दिवसांत पोट दुखत नसेल आणि मुलीला जावंसं वाटत असेल तर खुशाल जाऊ द्यावं.

काळजी करायचीच तर रक्ताची करावी. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. चढावर दम लागतो, पाय भरून येतात, तेव्हा मुलीत जिद्द नाही असं म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. महागडा खुराक नसला तरी डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, आणि वर लिंबू पिळायची सवय, एवढं कुठल्याही घरात जमतं. अडचण निराळीच आहे. पुष्कळ घरांत दुधाचा मोठा पेला अजूनही भावापुढे ठेवला जातो, भले सकाळी चाळीस किलोमीटर सायकल बहिणीने मारलेली असो.

रायपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की राजनांदगाव, देवरी, साकोली मागे टाकत भंडारा येतं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. या भंडारा जिल्ह्यातल्या दोन मुली, मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे, सायकलवर भारतासाठी उतरल्या. जून 2022 मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत त्या दोघी आणि त्रियाशा पॉल यांनी टीम स्प्रिंट प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतही त्या खेळल्या.

टीम स्प्रिंट ही शर्यत समजून घेण्याजोगी आहे. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि चाक फिरतं तोवर पायडल फिरतच राहतं, पाय थांबवता येत नाहीत. 250 मीटरच्या तिरक्या लाकडी धावपट्टीवर तीन मुली एकामागे एक सुटतात. पहिली एक फेरी वारा अंगावर घेते आणि बाजूला होते. दुसरी दुसऱ्या फेरीअखेर बाजूला होते. तिसरी शेवटची फेरी एकटी पूर्ण करते आणि तिची वेळ हीच तिघींची वेळ धरली जाते. म्हणजे दोघींनी आपली सगळी ताकद खर्च करायची आणि रेघ ओलांडायची तिसरीने. असा ट्रॅक दिल्लीत आहे, तो 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने बांधला गेला. गल्लीतल्या मुलीला तिथे पोहोचायचं तर मधे जिल्ह्याची, मग राज्याची निवड चाचणी असते आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी तिच्याबरोबर रेल्वेने जावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने गुवाहाटीच्या 2020 च्या खेलो इंडिया स्पर्धेत सुवर्णपदकं मिळवली, तेव्हा तिचं शाळेत जायचंच वय होतं.

पण सगळ्याच मुली इथवर जाणार नाहीत, हेही आईवडिलांना ठाऊक असतं आणि त्यांचं गणित तिथेच अडतं. गिअरची बरी सायकल म्हणजे मध्यमवर्गीय घराला मोठा खर्च. टायर, ट्यूब, चेन वरचेवर बदलावे लागतात. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तिच्या बारीक टायरला हात लावायला धजत नाही. दहावीचं वर्ष तोंडावर असतं. “पदक मिळालंच तर ठीक, नाही मिळालं तर?” हा बाबांचा प्रश्न दुष्टपणाचा नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला तो सहसा विचारला जात नाही, एवढंच. मुलगा मैदानावर वर्षं घालवतो आणि शेवटी बँकेत लागतो, तेव्हा ती वर्षं वाया गेली असं कुणी म्हणत नाही.

काही घरांनी यावर साधा तोडगा काढला आहे. नवी सायकल न घेता मोठ्या गटात गेलेल्या खेळाडूची वापरलेली घ्यायची. पहाटे एकटीला न पाठवता आसपासच्या तीन-चार मुलींना एकत्र करायचं आणि त्यांच्या वडिलांनी मागून जायचे वार वाटून घ्यायचे. पंक्चर काढणं आणि चेन बसवणं मुलीला स्वतःलाच शिकवायचं. पाना, पंप आणि जादा ट्यूब सीटखालच्या पिशवीत ठेवायची. सहामाहीचे गुण घसरले तर सराव कमी, पण बंद नाही, असं आधीच बोलून ठेवायचं. यात कुठेही क्रांती नाही. मुलींच्या वडिलांची एकमेकांशी ओळख वाढते, हा वरचा फायदा.

दुसऱ्या वर्षी 15 ऑगस्टला तीच मुलगी पुन्हा रेघेवर उभी राहते. या वेळी सायकलला टोपली नाही आणि झाकणही नाही. शिट्टी वाजते तेव्हा ती पुढे धावत नाही. पाचव्या-सहाव्या जागेवर कुणाच्या तरी मागे शांतपणे चालवत राहते. रस्त्याकडेला उभे असलेले काका ओरडतात, “अगं, मागे पडलीस! पळव!” आईलाही आधी तसंच वाटतं. मग तिच्या लक्षात येतं की पोरगी मागे पडलेली नाही, वाट पाहते आहे. शेवटच्या वळणानंतर ती बाहेरच्या बाजूने निघते आणि तिसरी येते. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळतो. आजी तो ओट्यावर न ठेवता काचेच्या कपाटात ठेवते, चांदीच्या निरांजनाशेजारी.

जिल्हा निवड चाचणीचा फॉर्म त्याच संध्याकाळी घरात येतो. नाव, जन्मतारीख, शाळा, गट, सगळं मुलीने भरलेलं असतं. खालची पालकांच्या सहीची ओळ तेवढी कोरी. बाबा चष्मा शोधायला उठतात. ते परत येईपर्यंत आईने सही करून टाकलेली असते.