जखम आणि प्रतीक

आफ्रिकी कादंबरी शिकवताना न्गुगी वा थिओंगो यांच्या 'द रिव्हर बिट्वीन' (१९६५) या कादंबरीपाशी थांबावेच लागते. ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मुलगी मुथोनी बापाचा शब्द मोडते आणि आपल्या जमातीच्या रिवाजाप्रमाणे सुंता करून घेते. जखम चिघळते आणि ती मरते. आपण वर्गात काय सांगतो? मुथोनीचा देह ही दोन संस्कृतींची रणभूमी आहे, तिची जखम हे दुभंगलेल्या समाजाचे प्रतीक आहे. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. त्या जखमेतून रक्त येत होते, हे मात्र कुणाच्याच वहीत नसते.

हे आठवण्याचे कारण कादंबरीच्या बाहेरचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया या चिमुकल्या देशाने २०१५ साली स्त्रियांच्या जननांगविच्छेदावर कायद्याने बंदी घातली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार दलासी दंड, किंवा दोन्ही. मुलीचा मृत्यू झाल्यास जन्मठेप. २०२३ साली या कायद्याखाली पहिल्यांदा तीन स्त्रिया दोषी ठरल्या आणि त्यांचा दंड एका इमामाने भरला. मार्च २०२४ मध्ये बंदी उठवण्याचे विधेयक संसदेत आले आणि ४२ विरुद्ध ४ मतांनी समितीकडे गेले. अठ्ठावन्न सदस्यांच्या त्या सभागृहात स्त्रिया होत्या पाच. जुलै २०२४ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले, पण विषय संपला नाही. पुढे तो तेथील सर्वोच्च न्यायालयात नेण्यात आला. दरम्यान ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच देशात एक महिन्याची मुलगी या प्रकारानंतर दगावली.

एक महिन्याची! संस्कृतीचे दुभंगलेपण व्यक्त करण्याइतके तिचे वय झाले नव्हते.

या बंदीविरुद्ध आपल्या क्षेत्रातही एक सौम्य, सुशिक्षित आवाज ऐकू येतो. 'बंदी' हा शब्द त्याला असंस्कृत वाटतो. त्याचे म्हणणे असे, की हे कायदे पाश्चात्त्य दबावातून आले, ते प्रथेला भूमिगत करतात, आणि बदल आतून यायला हवा. हा आवाज दुष्ट नाही. म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला मुद्दा परकेपणाचा. गाम्बियातील बंदी याह्या जामेह या हुकूमशहाने जाहीर केली, हे खरे. पण कायद्याचा जन्म कुणाच्या हातून झाला यावर त्याची योग्यता ठरत असेल, तर मराठी वाचकाला फार अडचणीत यावे लागेल. कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. टिळकांचा आक्षेप नेमका हाच होता, की परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजातूनच यावी. आगरकर कायद्याच्या बाजूला उभे राहिले. सव्वाशे वर्षांनंतर त्या वादात टिळकांची राजकीय दृष्टी आपण समजून घेतो. पण तो कायदा रद्द व्हायला हवा होता, असे आज कोण म्हणेल?

शिवाय 'आतला आवाज' म्हणजे कुणाचा? इजिप्तच्या नवाल अल सादावी यांचा सहाव्या वर्षी विच्छेद झाला होता. त्या डॉक्टर होत्या. त्यांनी या प्रथेविरुद्ध लिहिले आणि १९७२ साली सरकारी पद गमावले. पश्चिमेच्या सनसनाटी कुतूहलावरही त्यांनी टीका केली, पण त्या टीकेच्या आडून प्रथेला सूट दिली नाही. गाम्बियात बंदी टिकावी म्हणून लढणाऱ्यांत या अनुभवातून गेलेल्या गाम्बियन स्त्रिया आहेत. त्यांना पश्चिमेच्या हस्तक ठरवणे म्हणजे त्यांच्याच समाजातून त्यांना दुसऱ्यांदा कापून काढणे होय.

दुसरा मुद्दा परिणामाचा, आणि येथे प्रामाणिक कबुली द्यायला हवी. गाम्बियात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ७३ टक्के स्त्रियांचा विच्छेद झालेला आहे, असे २०१९-२० च्या पाहणीत आढळले. बंदीपूर्वीचा आकडा जवळपास तेवढाच होता. पण हा आकडा प्रौढ स्त्रियांचा आहे. त्यांचे जे व्हायचे ते कायद्याआधीच होऊन गेले होते. आणि ज्या कायद्याखाली आठ वर्षांत पहिली शिक्षा झाली, तो निष्फळ ठरला म्हणायचे की वापरलाच नाही म्हणायचे? आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. हुंडा बंद झाला नाही. म्हणून कायदा काढून टाका, असे कुणी सुचवले तर आपण त्याच्या हेतूविषयी शंका घेऊ.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, तो संमतीचा. केनियात एका स्त्री डॉक्टरनेच २०१७ साली बंदीला आव्हान दिले. सज्ञान स्त्रीला स्वतःच्या देहाचा निर्णय घेऊ द्यावा, असे तिचे म्हणणे होते. २०२१ साली उच्च न्यायालयाने ते फेटाळले. या युक्तिवादाला तात्त्विक बळ आहे, हे मी मान्य करतो. पण तो ज्यांच्यासाठी वापरला जातो त्या सज्ञान नसतात. गाम्बियात बहुतेक मुलींचा विच्छेद पाच वर्षांच्या आत होतो. आणि जेथे नकाराची किंमत लग्न न होणे, पंगतीबाहेर बसणे अशी असते, तेथे सज्ञान स्त्रीच्या होकाराचे तरी वजन काय?

आता थोडे घराजवळ. ही प्रथा दूरच्या खंडातली नव्हे. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जगातील २३ कोटींहून अधिक मुली-स्त्रिया या प्रकारातून गेल्या आहेत, आणि त्यांतील सुमारे ८ कोटी आशियातील आहेत. मुंबईत मोठ्या संख्येने राहणाऱ्या दाऊदी बोहरा समाजात सात वर्षांच्या आसपासच्या मुलीची 'खतना' होते, हे त्याच समाजातील स्त्रियांनी पुढे येऊन सांगितले आहे. भारतात याविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका आली, २०१८ साली ती घटनापीठाकडे गेली, २०१९ साली शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठाशी जोडली गेली. महिला व बालविकास मंत्रालयाने तर अधिकृत आकडेवारीच नाही, असे न्यायालयाला सांगितले होते.

याच समाजाने नकळत कायद्याच्या उपयुक्ततेचा पुरावा दिला आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ साली बोहरा समाजातील एका प्रकरणात दोषसिद्धी झाली. त्यानंतर २०१६ मध्ये ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील बोहरा जमातींनी पत्रके काढली. देशाचा कायदा पाळा, खतना करू नका, असे त्यांत सांगितले होते. धर्म तोच, ग्रंथ तेच, धर्मगुरूही तेच. फरक एकच होता. तेथे कायदा होता, मुंबईत नव्हता.

कायदा मन बदलत नाही, हे खरेच. ते काम शाळेचे, दवाखान्याचे, घरातल्या बोलण्याचे. पण मन आधीच बदललेल्या आईला सासूसमोर उभे राहून 'मला तुरुंगात जायचे नाही' एवढे वाक्य कायदा देतो. स्वतःचे मत सांगण्याची सोय ज्या घरात नाही, तेथे दुसऱ्याच्या भीतीचा आधार घेऊन नकार देता येतो. बंदी उठवणे म्हणजे तिच्या तोंडचे तेवढे वाक्य काढून घेणे. उठवलेली बंदी तटस्थ राहत नाही. ज्यांनी ती उठवली, त्यांच्या बाजूने ती बोलते.

पुढच्या सत्रात मुथोनी पुन्हा शिकवायची आहे. रणभूमी, प्रतीक, दुभंग यांविषयी बोलेनच; कादंबरीत ते आहे. पण त्याआधी ती कशाने मेली, हे विद्यार्थ्यांना साध्या शब्दांत सांगणार आहे.