विश्लेषण : विमानतळाजवळ किती उंच बांधता येते? सोलापूरच्या चिमणीचा धडा काय?

सोलापूरच्या होटगी रस्ता विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्यासाठी आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईसाठी विमानसेवा सुरू झाली. मात्र, त्याआधी १५ जून २०२३ रोजी विमानतळालगतच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी पाडावी लागली. एका बाजूला शहराची विमानसेवा आणि दुसऱ्या बाजूला हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना, अशा या वादाच्या मुळाशी विमानतळाभोवतीच्या उंचीच्या मर्यादेचा नियम होता. हा नियम नेमका काय आहे आणि तो कोणाला लागू होतो, याविषयी…

चिमणीचा वाद काय होता?

कारखान्याने सहवीजनिर्मिती प्रकल्पासाठी ही चिमणी उभारली होती. बॉयलरचा धूर जमिनीलगत पसरू नये म्हणून प्रदूषण नियंत्रणाच्या निकषांनुसार उत्सर्जन जितके जास्त, तितकी चिमणी उंच ठेवावी लागते. हवाई सुरक्षेचा नियम नेमके उलट सांगतो : धावपट्टीजवळ बांधकाम ठेंगणेच हवे. चिमणी विमानांच्या मार्गात अडथळा ठरत असल्याने केंद्राच्या ‘उडान’ योजनेत नाव येऊनही सोलापूरची सेवा रखडली. चिमणीला बांधकाम परवानगी नव्हती, अशी महापालिकेची भूमिका होती. चिमणी पाडल्यास गाळप आणि वीजनिर्मितीला फटका बसेल, असे कारखान्याचे म्हणणे होते. नोटिसा, सुनावण्या, न्यायालयीन लढाई आणि सभासदांची आंदोलने यांत काही वर्षे गेली. अखेर मोठ्या पोलीस बंदोबस्तात महापालिकेने चिमणी जमीनदोस्त केली.

उंचीची मर्यादा कशी ठरते?

विमानतळाभोवती हवेत काही काल्पनिक पृष्ठभाग आखलेले असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांवर ते आधारलेले असून, त्यांना छेदून वर जाणारे काहीही अडथळा ठरते. मोठ्या वर्गातील धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपेक्षा ४५ मीटर उंच असे सपाट ‘छत’ असते. तेथून पुढे ते २० मीटरला १ मीटर या उताराने वर चढते. म्हणजे ५ किलोमीटरवर मर्यादा ९५ मीटरपर्यंत जाते. त्यापुढे १५ किलोमीटरपर्यंत १५० मीटरची मर्यादा असते.

सर्वांत कडक निर्बंध धावपट्टीच्या दोन्ही टोकांसमोर असतात. उपकरणांच्या आधारे विमान उतरवण्याची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीसमोर हा उतार सुरुवातीला ५० मीटरला १ मीटर इतका संथ असतो. त्यामुळे तेथे एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर, म्हणजे पाच-सहा मजलेच बसतात. धावपट्टीच्या बाजूंनाही ७ मीटरला १ मीटर या चढाचा पट्टा असतो. त्यामुळे दोन भूखंड विमानतळापासून सारख्याच अंतरावर असले, तरी एकावर दहा मजले होतात आणि दुसऱ्यावर चारच.

उंची जमिनीपासून मोजतात का?

नाही. परवानगीत दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते आणि गोंधळ इथेच होतो. सोलापूर विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटरवर आहे. ४५ मीटरच्या पट्ट्यात बांधकामाचे टोक तेथे ५२५ मीटरच्या वर जाता कामा नये. भूखंड ४७० मीटरवर असेल तर ५५ मीटरची इमारत चालेल. तो ४९० मीटरवर असेल तर ३५ मीटरवर थांबावे लागेल. या मापात गच्चीवरील पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना, मोबाइल टॉवर असे सगळे धरले जाते. झाडांनाही हा नियम लागू आहे.

परवानगी कोण देते?

२०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार नागरी विमानतळांसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरण ना हरकत प्रमाणपत्र देते. त्यासाठी ऑनलाइन अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते. प्रत्येक अर्ज प्राधिकरणाकडे जाऊ नये म्हणून अनेक विमानतळांचे रंगसंकेत नकाशे तयार केले आहेत. नकाशात दाखवलेल्या उंचीच्या आतले बांधकाम महापालिका स्वतः मंजूर करू शकते. मात्र, लाल पट्ट्यात प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागतेच. प्रमाणपत्र म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. ती स्थानिक नियोजन प्राधिकरणाकडूनच घ्यावी लागते.

नियम मोडल्यास काय?

अडथळा ठरणारे बांधकाम पाडण्यासाठी किंवा त्याची उंची कमी करण्यासाठी १९९४ पासून स्वतंत्र नियम आहेत. प्रत्यक्ष कारवाईची जबाबदारी मात्र जिल्हाधिकारी आणि महापालिकेवर येते आणि तिथे ती रेंगाळते. मुंबई विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेपेक्षा उंच भाग पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना दिले, तेव्हा हे प्रकरण वर्षानुवर्षे पडून होते. अहमदाबादमधील १२ जून २०२५ च्या विमान दुर्घटनेनंतर काही दिवसांतच केंद्राने अशा कारवाईसाठी कालमर्यादा घालणारा नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

छोट्या शहरांत प्रश्न अधिक बिकट का?

मुंबईत मिनिटामिनिटाला विमान उतरते, त्यामुळे निर्बंध डोळ्यांसमोर असतात. छोट्या शहरातील धावपट्टी मात्र अनेक वर्षे ओस पडलेली असते. विमान येत नाही, त्यामुळे नियमाची आठवणही राहत नाही. कागदावर मर्यादा कायम असते आणि शहर धावपट्टीच्या दिशेने सरकत राहते. सेवा सुरू करायची वेळ आली की अडथळ्यांची यादी समोर येते. तोपर्यंत त्या बांधकामांत लोकांची घरे, कर्जे आणि रोजगार गुंतलेले असतात.

धावपट्टीची लांबी वाढवली की तिच्या टोकापासून मोजले जाणारे पृष्ठभागही पुढे सरकतात. उपकरणांच्या आधारे विमान उतरवण्याची सोय झाली की निर्बंधांचा समोरचा पट्टा ३ किलोमीटरऐवजी १५ किलोमीटरपर्यंत लांबतो. म्हणजे आज नियमात बसणारी इमारत उद्याच्या विस्तारात अडथळा ठरू शकते. सोलापूरसाठी बोरामणी येथे नव्या विमानतळाचा पर्याय होता. पण तो वनजमिनीच्या प्रश्नात अडकला आणि जुन्याच धावपट्टीवर भिस्त राहिली.

घर किंवा भूखंड घेताना काय पाहावे?

विमानतळाच्या परिसरात विकासकाकडून उंचीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. त्यातील अक्षांश-रेखांश आणि जमिनीची पातळी प्रत्यक्ष जागेशी जुळते का, हे तपासावे. मंजूर उंची आणि बांधलेले मजले यांचा मेळ बसतो का आणि प्रमाणपत्राची मुदत शिल्लक आहे का, हेही पाहावे. वरचे मजले पाडायची वेळ आल्यास सर्वाधिक झळ तिथे राहणाऱ्यालाच बसते.

अमरावतीतून एप्रिल २०२५ मध्ये विमानसेवा सुरू झाली आणि राज्यातील इतर छोट्या विमानतळांच्या विस्ताराच्याही योजना आहेत. भविष्यातील लांब धावपट्टी गृहीत धरून उंचीचे पट्टे विकास आराखड्यात आताच आखले आणि प्रत्येक सर्व्हे क्रमांकासमोर ती मर्यादा नोंदवली, तर परवानगीच्या टेबलावरच वाद मिटेल. सोलापुरात तो चिमणी उभी राहिल्यानंतर सुरू झाला आणि त्याची किंमत शहराने व ऊस उत्पादकांनी, दोघांनीही मोजली.