कंपन्यांतील हातकामाचे वर्ग आणि कारागिराची मजुरी

गेल्या काही वर्षांत आमच्या कापडाच्या धंद्यात एक नवे गिऱ्हाईक आले आहे. ते लग्नाचा बस्ता बांधायला येत नाही, की ईदच्या खरेदीलाही येत नाही. त्याला हवे असते साधे, बिनरंगी, खळ काढलेले सुती कापड. तेही चाळीस-पन्नास सारख्या तुकड्यांत. हे गिऱ्हाईक म्हणजे संगणकाच्या, विम्याच्या मोठमोठ्या कंपन्या. आपल्या नोकरदारांना दोन-तीन तास एकत्र बसवायचे आणि त्यांच्याकडून ठशाची छपाई, मातीची भांडी, वारली चित्रे असे काही हाताने करवून घ्यायचे. त्याने मनावरचा ताण हलका होतो आणि माणसांचा आपसात मेळ बसतो, असा या कंपन्यांचा विचार. त्याला ते ‘वर्कशॉप’ म्हणतात.

आमच्या बाजारातील जुनी मंडळी हे ऐकून हसतात. ज्या हातकामाने पोट भरेना म्हणून कारागिराने मुलाला संगणक शिकायला धाडले, त्याच हातकामासाठी आता संगणकवाले पैसे मोजतात! आम्हीही आधी हसलो. पण ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. यात कारागिराचा रोजगार आहे, नोकरदाराचे आरोग्य आहे आणि आपल्यासारख्या दुकानदारांना विचारलेला एक सवालही आहे.

हात गुंतले की मन शांत

मुळात ही कल्पना खोटी नाही आणि नवीही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो आराखडा दिला, त्यात शाळेच्या मध्यभागी एखादा हस्तव्यवसाय असावा असेच म्हटले होते. आम्ही शिकलो त्या उर्दू शाळेत कार्यानुभवाचा तास असे. टकळीवर सूत काढायचे, पुठ्ठ्याच्या पेट्या करायच्या. खुशखतीच्या तासाला बोरूने अक्षर घोटायचे. एरवी वर्ग डोक्यावर घेणारी मुले त्या तासाला गप्प बसत. मास्तरांच्या छडीमुळे नव्हे, तर हात गुंतलेले असत म्हणून.

जे आमच्या मास्तरांना अनुभवाने ठाऊक होते, ते आता शास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिले आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटे माती, रंग, कागदाचे तुकडे देऊन हवे ते करू दिले. आधी आणि नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित द्रव्य, तपासले. सुमारे पाऊण लोकांत ते कमी झालेले आढळले. ज्याला कलेचा गंध होता आणि ज्याला नव्हता, दोघांत फरक दिसला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण दिशा कळते.

आम्ही स्वतः काय पाहिले तेही सांगतो. आमच्याकडून कापड नेणारे एक चाचा तीस वर्षे ठशाचे काम करतात. एका कंपनीने त्यांना बोलावले, तेव्हा तागे घेऊन आम्हीही सोबत गेलो. टेबलावर तरटाच्या घड्या, त्यावर घोंगडी, त्यावर कापड ताणलेले. चाचांनी ठसा रंगात टेकवला, कापडावर ठेवला आणि वरून मूठ मारली. इतके सोपे वाटले की सगळे सरसावले. पहिल्या रुमालावर कुणाचा रंग फुटला, कुणाची ओळ तिरकी गेली. मग चौघांत मिळून एक ओढणी छापायची होती. एकाने कापड ताणायचे, एकाने रंग सारखा करायचा, एकाने ठसा धरायचा, एकाने आधीच्या ठशाशी जोड बरोबर लागते का ते पाहायचे. एकाचा हात चुकला की चौघांची ओढणी बिघडते. मेळ कशाला म्हणतात हे त्या लोकांना कुठल्याही भाषणापेक्षा लवकर उमगले. मोठा साहेब आपल्या हाताखालच्या मुलीला ‘जरा डावीकडे घे’ असे विनवीत होता आणि ती त्याला ‘थांबा’ म्हणत होती.

उस्ताद कोण, कमाई कुणाची

आता नाण्याची दुसरी बाजू. कंपनीने माणशी १,२०० रुपयांप्रमाणे चाळीस जणांचे ४८,००० रुपये मोजले. कापड आणि रंग मिळून आमचे बिल झाले ६,४०० रुपयांचे. चाचा आणि त्यांचा मुलगा, या दोघांच्या दिवसभराच्या मेहनतीचे मिळाले २,५०० रुपये, तेही दोन महिन्यांनी. जागा कंपनीची, चहा-नाश्ता कंपनीचा. उरलेले ३९,१०० रुपये मधल्या आयोजकाचे. आयोजकाला काहीच मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. तो गिऱ्हाईक शोधतो, इंग्रजीत पत्रव्यवहार करतो. त्याचे मोल आहे. आम्हीही व्यापारी आहोत, मधला माणूस काय करतो ते जाणतो. पण ज्याच्या हातातील इल्म विकला गेला, त्याच्या वाट्याला शंभरात पाच रुपये, हा कुठला हिशेब? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

शिवाय हा इल्म दोन तासांत येणारा नाही. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील खत्री कारागिरांचे अजरख पाहा. कापड धुऊन हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, चुना आणि डिंक यांनी नक्षीच्या रेघा राखायच्या, गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून, चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करून काळा रंग करायचा, मग नीळ आणि लाल रंगाच्या पाळ्या, मधून मधून धुणे आणि वाळवणे. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचे पाणी या कामास योग्य राहिले नाही, तेव्हा या मंडळींनी अजरखपूर हे नवे गावच वसवले. त्यांच्यातील इस्माइल मोहंमद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. ज्या कसबाला विद्यापीठ मान देते, त्याच्या कसब्याला कार्यालयात ‘ठसेवाला’ म्हणून कोपऱ्यात उभे करू नये. त्याची ओळख उस्ताद म्हणून करून द्यावी.

रुमालाने भरपाई होत नाही

त्या दिवशी आणखी एक गोष्ट आमच्या नजरेत आली. तो शनिवार होता, म्हणजे त्या लोकांच्या सुट्टीचा दिवस. ‘यायलाच हवे’ असा निरोप गेला होता. एक बाई सारख्या घड्याळाकडे पाहत होत्या, कारण लेकराला शेजारी ठेवून आल्या होत्या. दोघे जण एका हातात ठसा आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून कामाचे फोन घेत होते. अशा माणसाचे मन कशाने हलके होणार?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील २३३ संस्थांच्या ४६,३३६ नोकरदारांची माहिती तपासली. ध्यानधारणा, मोबाइलवरील ॲप, ताण सोसण्याचे प्रशिक्षण असे उपाय ज्यांना मिळाले, ते न मिळालेल्यांपेक्षा बरे असल्याचे दिसले नाही. तो अभ्यास हातकामाच्या वर्गांचा नव्हता. पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. कामाचे तास, कामाचा बोजा, वरिष्ठांची वागणूक तशीच ठेवून माणसालाच ‘शांत राहा’ म्हणणे पुरत नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले आहे. तो धोका छापील रुमालाने टळत नाही.

आमच्या मुनीमजींनी आम्हालाच आरसा दाखवला. कंपनीची हकीकत आम्ही रंगवून सांगत होतो, तेव्हा ते म्हणाले, “सेठ, आपल्या पोरांना आधी बसायला स्टूल द्या, हातकाम मागाहून.” बोलणे खरे होते. आमचे विक्रेते सकाळपासून रात्रीपर्यंत उभे. दुकानातील नोकरांना बसायची सोय असावी असा कायदा केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली केला, आणि आम्हाला तो आमच्या मुनीमाकडून कळावा! आम्ही काउंटरमागे स्टूल ठेवले आणि दुकान अर्धा तास लवकर बंद करू लागलो. विक्री घटली नाही.

त्यानंतरच हातकाम सुरू केले. महिन्यातून एकदा, मंदीच्या दुपारी, दुकानाच्या वेळेतच, उरलेल्या कटपीसची गोधडी शिवतो. आमच्याकडे फॉल-पिकोचे काम करणाऱ्या खाला शिकवतात आणि त्याची मजुरी घेतात. दोघांनी ‘आम्हाला नको’ म्हटले, त्यांना जबरदस्ती केली नाही. सर्वांत भराभर शिवतो तो आमचा हमाल. दाभण-सुतळीने गाठी शिवून त्याचा हात बसलेला. कालपर्यंत त्याला नावाने हाक न मारणारे विक्रेते आता टाका कसा घालायचा ते त्याला विचारतात. फार मोठा चमत्कार झाला असे नाही, पण दुकानातील कुरबुर कमी झाली आहे.

कारागीर बंधूंना आमचे सांगणे

हे काम सोडू नका, पण आपल्या अटीवर करा. दर आधी ठरवा आणि तो लेखी घ्या. सामानाचे पैसे वेगळे आणि आगाऊ मागा. स्वतःच्या नावाचे बिल द्या, पैसे बँकेत घ्या. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ‘उद्यम’ नोंदणी मात्र जरूर करा; ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करारात काहीही लिहिले तरी ४५ दिवसांपुढे अडवता येत नाहीत, असे २००६ चा कायदा सांगतो. इंग्रजी येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला व्यवहारात भागीदार करा.

आमच्या चाचांनी हेच केले. दुसऱ्या एका कंपनीत ते थेट गेले, बुधवारी दुपारी, कामाच्या वेळेत. माणसे चाळीसच. आपले आणि मुलाचे १५,००० रुपये मागितले, कापड-रंगाचे ६,४०० वेगळे. एकूण २१,४००. पहिल्या कंपनीने मोजले त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि चाचांना मिळाले पहिल्यापेक्षा सहापट. मुलगा आता म्हणतो, ठसे विकायचे नाहीत. चाचांनी ते गेल्या वर्षी भंगारात द्यायला काढले होते.