अंगण कोणाच्या दारी?

उंबरा ओलांडल्यावर आणि रस्ता लागण्यापूर्वी जी सारवलेली मोकळी जागा मराठी घरापुढे असते, ती पूर्णपणे खासगी नसते आणि पूर्णपणे सार्वजनिकही नसते. तिची मालकी घराची असली तरी तिथला वावर आळीतल्या सगळ्या मुलांचा असतो आणि तिथे खेळणाऱ्या मुलावर त्याच्या आईइतकीच समोरच्या घरातल्या आजीचीही नजर असते. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी देशात चालणाऱ्या सर्वांत मोठ्या सरकारी कार्यक्रमाचा चेहरा असलेली 'अंगणवाडी' याच अंगणाचे नाव धारण करते, आणि तो शब्द महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील एका गावात आकाराला आला. एकात्मिक बालविकास सेवा योजना या अधिकृत नावाने हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाला आणि २०२५ च्या दिवाळीपूर्वी काही दिवसच त्याला ५० वर्षे पूर्ण झाली. या निमित्ताने प्रस्तुत दिवाळी अंकाने बालवय आणि तरुण कुटुंब हा विषय मध्यवर्ती ठेवला आहे. त्यामागचा विचार असा की अंगणवाडीचे मर्म तिच्या इमारतीत किंवा आहारात शोधण्याआधी तिच्या चालण्याच्या दिशेत शोधावे लागते. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे, ही ती दिशा होय, आणि ५० वर्षांच्या हिशेबात ती कितपत टिकली हे तपासणे अगत्याचे आहे.

या दिशेचा उगम समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, तेव्हा मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचा तो ठळक प्रयत्न होता. मुलाला समोर बसवून धडा देण्यापेक्षा त्याच्या हाताला आणि डोळ्यांना काम देणारी साधने त्याच्या भोवती मांडावीत, म्हणजे ते आपल्या गतीने शिकते, हे त्या पद्धतीचे सूत्र. गिजुभाईंच्या सोबतीने काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हे सूत्र मराठी मुलुखात आणले आणि दादरच्या शिशुविहारासारख्या संस्थांतून ते रुजवले. परंतु शहरातील बालमंदिरांचा लाभ प्रामुख्याने सुशिक्षित मध्यमवर्गाला मिळत होता, आणि महागडी साधने, स्वच्छ गणवेश व मुलाला वेळेवर पोहोचवणारे मोठे माणूस या तिन्ही गोष्टी गृहीत धरणारी पद्धत खेड्यात कशी चालेल, हा प्रश्न तसाच उरला होता.

१९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर त्यांना पुस्तकात मिळाले नाही, ते गावकुसाबाहेरच्या वस्तीत मिळाले. बालवाडी उघडी होती, शिक्षिका हजर होत्या, पण दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले तिथे येत नव्हती. कारण आईबाप भल्या सकाळी मजुरीला गेलेले असत आणि चार-पाच वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. मग शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घराच्या अंगणात मुले गोळा करायची, हातपाय धुवून केस विंचरायचे, गाणी-गोष्टी सांगायच्या, आणि परदेशी साधनांऐवजी चिंचोके, शिंपले, खडे, पाने यांवर मोजणे व वर्गवारी करणे शिकवायचे, असा तो क्रम होता. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेल्यावर या विचाराचा विस्तार 'विकासवाडी'त झाला, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकट्याला पाळणाघरात ठेवले की थोरली वर्गात बसू शकते, हे त्यामागचे साधे गणित होते. आणि जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी 'कुरणशाळा' काढून शिक्षक गुरांच्या मागे चालू लागले.

खेळातून शिकणे म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी कोसबाडपर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण महाराष्ट्रात दर दिवाळीला घरोघरच्या अंगणात त्याचे प्रात्यक्षिक होत असते. किल्ला करणारी मुले प्रथम दगड-विटांचा ढीग रचतात, त्यावर पोते अंथरतात आणि चिखल थापतात. पाणी जास्त झाले तर उतार ढासळतो आणि कमी झाले तर माती भेगाळते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ढासळलेला बुरूजच ते सांगतो. मग मोहरी किंवा हळीव पेरून दररोज कोंब किती वर आले ते पाहिले जाते, पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्या मोजल्या जातात, महाराजांचे सिंहासन माथ्यावर आणि मावळे दरवाजाशी हा क्रम ठरतो, आणि शेजारच्या किल्ल्यापेक्षा आपला उंच कसा यावर वाद घालताना तुलना, कारण आणि पुरावा यांची भाषा वापरली जाते. या खेळात चार वर्षांचे मूल पाणी आणून देते, आठ वर्षांचे उतार ठरवते आणि घरातला मोठा माणूस फक्त ओट्यावर बसून पाहत असतो. बालशिक्षणशास्त्रज्ञ ज्याला मुक्त खेळ, मिश्र वयोगट आणि प्रौढाचे हलके साहाय्य म्हणतात, ते सारे या चिखलात सापडते.

१९७५ मध्ये देशभरातील ३३ प्रकल्पांपासून सुरुवात झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत महाराष्ट्रातील मुंबईची धारावी आणि मेळघाटातील धारणी यांचा समावेश होता. म्हणजे एका टोकाला स्थलांतरितांची दाट वस्ती आणि दुसऱ्या टोकाला कोरकू भाषिक आदिवासी पाडे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढील उपचारांसाठी पाठवणी म्हणजेच संदर्भ सेवा, आईला आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि मुलाला शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली देण्याची ही कल्पना होती. मूल, गर्भवती आणि स्तनदा माता यांना एकच घटक मानणे हे तिचे मोठेपण होय, कारण मुलाचे पोषण आईच्या पोषणापासून आणि मुलाची भाषा आईच्या बोलण्यापासून वेगळी काढता येत नाही. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. आदिवासी भागांसाठी राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे ताजे पूर्ण जेवण, तर मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय झाली. एवढा पसारा उभा राहणे ही लहान गोष्ट नव्हे, आणि पुढील टीका या कर्तृत्वाची जाणीव ठेवूनच केली आहे.

पसारा वाढताना दिशा मात्र हळूहळू उलटी झाली, मुलाकडे जाणारे काम नोंदवहीकडे वळले. सहा सेवांपैकी आहाराची पोती मोजता येतात, वजनकाट्यावरचा आकडा लिहिता येतो, पण गोष्ट ऐकताना मुलाने विचारलेला प्रश्न नोंदवहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्यामुळे जे मोजले जाते तेच काम ठरले आणि शाळापूर्व शिक्षण मागे पडले. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे मोबाइल ॲप आले आणि नोंदी अधिक शिस्तीच्या झाल्या हे खरे, परंतु नेटवर्क नसलेल्या पाड्यावर माहिती भरण्यासाठी उंचवट्याचा शोध घेणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या वेळेचा हिशेब त्या ॲपमध्ये नाही. दररोज किमान दोन तास शिक्षणासाठी द्यावेत असे 'पोषण भी, पढाई भी' या केंद्रीय उपक्रमात २०२३ पासून सांगितले जाते. ते योग्यच आहे, मात्र घरभेटी, लसीकरणाचा दिवस, आहारवाटप, सर्वेक्षणे आणि ॲप हे सारे एकाच सेविकेच्या पदरात असताना ते दोन तास कोठून काढायचे, याचे उत्तर त्या सूचनेत नसते.

सेविकेच्या स्थानाचा प्रश्न भाषेतूनही दिसतो. तिला मिळते ते 'वेतन' नव्हे, 'मानधन', आणि दिवाळीला मिळणाऱ्या रकमेला राज्यात बोनस न म्हणता 'भाऊबीज भेट' म्हणतात. मान आणि भावाचे नाते हे दोन्ही शब्द गोड असले तरी त्यांच्या आडोशाने तिला कर्मचारी मानण्याचे दायित्व टळते, कारण मान दिला की मोबदला मागण्याची सोय राहत नाही आणि ओवाळणीची रक्कम ठरवण्याचा अधिकार बहिणीला नसतो. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये केले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनीस यांना उपदान कायदा, म्हणजे दीर्घ सेवेनंतर एकरकमी लाभ देणारा कायदा, लागू होतो असा निर्णय दिला, तेव्हा या कामाला नोकरी म्हणण्याच्या दिशेने एक पाऊल पडले. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

कायद्यातही हा वयोगट उंबऱ्यावरच अडलेला दिसतो. संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा उल्लेख होता, म्हणजे सहा वर्षांखालील मूल त्यातून वगळलेले नव्हते. परंतु २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क सहा ते चौदा या वयापुरता ठेवला आणि त्याखालील मुलांसाठी राज्य 'प्रयत्नशील राहील' एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम ११ शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा शासनाला देते, सक्ती करत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आणि मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो असे नमूद केले. धोरण म्हणून हे स्वागतार्ह असले तरी धोरणावर बोट ठेवून कोणत्याही आईला न्यायालयात जाता येत नाही.

दिशा उलटल्याचा परिणाम सर्वांत स्पष्टपणे कोठे दिसतो, हे दिवाळीच्या दिवसांत बीड जिल्ह्यातून बाहेर पडणारे रस्ते सांगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. या व्यवसायात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात, त्यामुळे आई घरी मागे राहिली तर कोयताच अर्धा होतो. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण तिची रचना शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहे. दोन-तीन वर्षांचे मूल आईसोबत निघते आणि अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असले तरी पुढचे पाच-सहा महिने ते फडावर असते. पहाटेच्या अंधारात तोड सुरू होते, तेव्हा ते पाचटाच्या ढिगाशेजारी गोधडीत झोपलेले असते. ऊन चढले की सात-आठ वर्षांची बहीण त्याला उसाच्या सावलीत ओढते, आणि मोळ्या वाहणारी आई मधूनमधून लांबूनच हाक मारून ते जागेवर आहे याची खात्री करून घेते. बोर्डीला १९४५ मध्ये जी मुलगी भावंडाला कडेवर घेऊन उभी होती, तीच येथे फडात उभी आहे. स्थलांतर करणाऱ्या माता आणि बालकांचा माग ठेवून त्यांना नव्या ठिकाणी सेवा मिळावी, यासाठी राज्याने २०२२ मध्ये स्थलांतर नोंद प्रणाली आणली, हे योग्य दिशेचे पाऊल होय. मात्र नोंद पोहोचणे आणि अंगण पोहोचणे यांत अंतर आहे, आणि हंगामापुरते पाळणाघर कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या, तळाशेजारीच उघडले तर ते अंतर मिटते.

शहरातले चित्र वेगळे दिसत असले तरी आई कामावर असताना मूल कोठे राहील, हा मूळ प्रश्न तोच आहे. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले, पण घरकामगार, भाजीविक्रेती आणि बांधकाम मजूर यांच्यापर्यंत ही तरतूद सहसा पोहोचत नाही. नोकरदार जोडप्यांच्या मुलांचे आजी-आजोबा गावी असतात, आणि मग पाळणाघर व ज्युनिअर केजी यांच्यात दिवस वाटला जातो. तीन वर्षांच्या मुलाकडून रेघोट्या गिरवून घेणारी आणि गृहपाठ देणारी शाळा अधिक चांगली, असा समज पालकांत दृढ आहे. ज्या घरात दिवाळीला मुलाला चिखलात हात घालू दिला जातो, त्याच घरात एरवी वहीचे पान भरले नाही म्हणून काळजी केली जाते.

मागण्या अवाजवी नाहीत. अंगणवाडीची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळावी आणि तिथेच पाळणाघर असावे. आहार-आरोग्य आणि शिक्षण यांसाठी प्रत्येक अंगणवाडीत दोन प्रशिक्षित स्त्रिया असाव्यात आणि त्यांच्या मोबदल्याला वेतन म्हणावे. कोरकू, वारली, गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिली गोष्ट त्याच्या भाषेत ऐकायला मिळावी. आणि हंगामी स्थलांतराच्या ठिकाणी अंगणवाडी मुलाच्या मागे जावी. यांतील मुख्य कल्पना नव्या नाहीत, विकासवाडी आणि कुरणशाळा यांनी त्या करून दाखवलेल्या आहेत.

 हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बहुतेकांच्या अंगणात किल्ल्यावरचे हळीव बोटभर वर आलेले असेल, आणि त्याच सुमारास काही मुलांचे अंगण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांसोबत बांधले जात असेल. त्या ट्रॉलीच्या मागे एखादी अंगणवाडीही निघावी, हीच इच्छा.