उत्तर मिळालं, पुढं काय झालं?

मृगाचा पाऊस पडला की गच्चीत आणि परसात झाडं लावणाऱ्यांचे प्रश्न एकदम वाढतात. मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, मिरचीची पानं का आकसली, बी रुजवून केलेलं लिंबू चौथ्या वर्षीही का फुलत नाही. सोसायटीच्या फाटकापाशी, रोपवाटिकेत, भाजीवालीसमोर उभ्या उभ्या हे प्रश्न विचारले जातात आणि उत्तरंही तिथल्या तिथे मिळतात. बागेच्या बाबतीत आपल्याकडे कुणी हात आखडता घेत नाही. फांदी मागितली तर फांदी मिळते, सल्ला मागितला तर चार मिळतात. या मोकळ्या हाताबद्दल मला मनापासून आदर आहे. एक गोष्ट मात्र सतत खटकते. सल्ला घेऊन गेलेला माणूस परत येऊन पुढं काय झालं ते सांगत नाही. त्यामुळे आपला सल्ला चुकला हे देणाऱ्याला कळतच नाही, आणि तो तेच पुढच्या दहा जणांना सांगत राहतो.

कढीपत्त्याचंच घ्या. ‘काकू, कढीपत्ता पिवळा पडलाय,’ असं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘आंबट ताक घाल.’ हा सल्ला खोटा नाही, पण तो कुणासाठी खरा आहे? देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणीही बरेचदा जड असतं. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे थोडा आंबटपणा उपयोगी पडू शकतो. रत्नागिरीच्या जांभ्या मातीत आंबटपणा मुळातच आहे, तिथे ताकाची गरज काय? खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुतेक वेळा नत्र कमी पडलेलं असतं, शेणखत द्यायला हवं. कुंडीचं भोक बुजून माती सतत ओली राहत असेल तर मुळं गुदमरतात, आणि वरून ताक ओतलं तर झाड लवकर जातं. थंडीत कढीपत्त्याची वाढ थांबते, पानंही गळतात, तेव्हा काहीच करायचं नसतं. पिवळं पान एकच, कारणं चार. विचारणाऱ्याने यातलं काहीच सांगितलेलं नसतं आणि सांगणाऱ्यानेही काही विचारलेलं नसतं. मोबाइलवरच्या फोटोत पान दिसतं, कुंडीच्या बुडाचं भोक दिसत नाही.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहितो आहे, कारण विचारण्या-सांगण्याची एक उत्तम रीत याच महाराष्ट्रात घडलेली आहे आणि आपण बागवाले ती विसरत चाललो आहोत. श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवलं आणि पुढे कोल्हापुरातून ‘प्रयोग परिवार’ उभा केला. या परिवाराला ना मोठी इमारत लागली ना अनुदान. आपापल्या तुकड्यावर काही करून पाहणारा प्रत्येक जण त्याचा सभासद. मी अमुक केलं, अमुक दिसलं, तुम्ही करून पाहा आणि तुम्हाला काय दिसलं ते मला कळवा, अशी ती देवाणघेवाण होती. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी या रीतीने एकमेकांचे मळे पाहिले, वेलीवरची पानं मोजली, एका घडाला किती पानांचं अन्न लागतं याचा हिशोब मांडला. शाळा अर्ध्यावर सोडलेली माणसं प्रकाशसंश्लेषणावर आपसात बोलू लागली. ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात दाभोळकरांनी हा विचार मांडला आहे. घरी दोन कुंड्या असलेल्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं, कारण थोड्या जागेत सूर्यप्रकाश कसा वापरून घ्यायचा हा त्यांचा प्रश्न म्हणजे गच्चीचाच प्रश्न आहे.

निरीक्षण करून ते इतरांना दिलं तर काय होतं याचा दाखला द्राक्षातच आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांना थॉम्पसन सीडलेस जातीच्या बागेत वेगळी, लांबट मण्यांची द्राक्षं दिसली. त्यांनी ती वेगळी वाढवली आणि त्यातून ‘सोनाका’ ही जात आली. सांगली जिल्ह्यातली ‘तास-ए-गणेश’ही अशीच, बागायतदाराच्या नजरेने निवडलेली. शेतकऱ्याला हे जमलं, कारण तो रोज वेलीखाली उभा असतो. आपणही रोज सकाळी कुंडीपाशी उभे असतोच की.

मुंबईत या विचाराला गच्ची मिळाली. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर घरच्या घरी भाजी आणि फळझाडं वाढवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास ओल्या कचऱ्याचं खत करून बाग फुलवली, तीही डॉ. दोशी आणि दाभोळकर यांच्या कामाच्या आधाराने. चिपाडांचं महत्त्व गच्ची असणाऱ्यांनी नीट समजून घ्यावं. एक घनफूट ओली माती साधारण 45 ते 50 किलो भरते. दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर खोल वाफा मातीने भरला तर स्लॅबवर दीड टनाच्या आसपास वजन येतं. रसवंतीवाल्याकडची चिपाडं, पालापाचोळा आणि थोडीच माती असा थर लावला तर हे वजन बरंच घटतं, आणि चिपाडं कुजून त्यांचंच खत होतं. जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी त्याआधीही अभियंत्याला विचारावं. हा एक सल्ला कुठल्याही काकूंकडून घेऊ नये.

मग विचारावं कसं? कुंडी कुठल्या दिशेला आहे, थेट ऊन किती तास मिळतं, कुंडी केवढी, पाणी नळाचं की बोअरचं, शेवटचं खत कधी घातलं, आणि हे सगळं कुठल्या गावात. मोगरा पाच-सहा तास थेट ऊन मागतो आणि त्याच्या कळ्या नव्या फुटीवर येतात. म्हणून पूर्वेच्या अडगळीच्या बाल्कनीतल्या मोगऱ्याला कितीही निंबोळी पेंड घातली तरी तो रुसलेलाच राहणार, आणि गच्चीतल्या मोगऱ्याला माघात छाटणी केली तरी पुरतं. दिशा आणि तास कळल्याशिवाय यातलं काय सांगायचं ते ठरत नाही. परदेशातले व्हिडिओ पाहून विचारणाऱ्यांना तर हे जास्तच सांगावं लागतं. तिकडे बर्फ वितळल्यावर टोमॅटो लावतात, आपल्याकडे तो हिवाळ्यात सुखाने वाढतो. तिकडचं ‘भरपूर ऊन’ नागपूरच्या मे महिन्यात रोपाला जाळून टाकतं, तिथे हिरवी जाळी बांधावी लागते. या बाबतीत शेजारच्या आळीतल्या आजींचा शब्द मी कुठल्याही व्हिडिओपेक्षा वरचा मानतो. त्यांनी त्याच पाण्यावर आणि त्याच उन्हात तीस-चाळीस वर्षं झाडं जगवलेली असतात.

आणि उत्तर देणाऱ्यांनीही थोडं थांबावं. ‘माझ्याकडे असं केलं, असं झालं’ एवढं बोलावं, ‘असं केलंच पाहिजे’ असं नको. अमृतजलाचं उदाहरण देतो. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम गूळ घालून तीन दिवस ढवळत ठेवायचं, मग दहापट पाण्यात मिसळून द्यायचं, अशी ही कृती आहे. तिच्यावर श्रद्धा असणारे आहेत, तिला हसणारेही आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी एक साधी गोष्ट केलेली नसते. एकाच दिवशी लावलेल्या, एकाच उन्हातल्या दोन कुंड्या घ्यायच्या, एकीला अमृतजल आणि दुसरीला साधं पाणी द्यायचं. दोन महिन्यांनी वाद घालायला काही शिल्लक राहणार नाही, निदान तुमच्या गच्चीपुरतं तरी.

फांद्या आणि रोपं देता-घेतानाही हेच. पिठ्या ढेकूण बहुधा भेटीदाखल आलेल्या जास्वंदीबरोबरच घरात शिरतो. आलेलं रोप दोन आठवडे वेगळं ठेवा, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का ते पाहा. आणि दिसलाच तर ज्यांनी रोप दिलं त्यांना न संकोचता सांगा. त्यांना राग येणार नाही, त्यांची उरलेली झाडं वाचतील.

या पावसाळ्यात आपण सगळ्यांनी मिळून एक गोष्ट करून पाहावी असं मी सुचवतो. ‘दुधीला फुलं येतात पण दुधी धरत नाही’ ही वरच्या मजल्यांवरची हमखास तक्रार. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर मुख्यतः रात्रीचे पतंग येतात. भोपळ्याची पिवळी फुलं सकाळी उमलतात, म्हणून भोपळ्याचा सल्ला ऐकून दुधीपाशी सकाळी गेलेल्यांच्या हाती कोमेजलेलं फूल लागतं. आता बी लावलं तर साधारण दोन महिन्यांत फुलं दिसतील. लांब देठाचं ते नर फूल, आणि ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी. संध्याकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा आणि त्या देठाला दोरा बांधा. दुसरं एखादं मादी फूल तसंच सोडा. चार-पाच दिवसांत इवला दुधी फुगतो किंवा पिवळा पडून गळतो. गाव, मजला, दोऱ्याची फुलं किती, बिनदोऱ्याची किती आणि त्यातली किती धरली, एवढं पोस्टकार्डावर लिहून वृत्तपत्राच्या पत्त्यावर पाठवा. एकही धरलं नसेल तरी पाठवा. गौरी-गणपतीनंतरच्या आठवड्यात ही सगळी जागा तुमच्या आकड्यांसाठी राखून ठेवली आहे.